तात्पुरतं बूच

चिमट्यात धरलेला रबरी बूट शिवांजलीने तेलातून वर काढला, निथळू दिला आणि ओट्यावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवला. गॅसवरच्या पातेल्यात पाणी उकळत होतं. पाण्यात एक चेपलेली ॲल्युमिनियमची वाटी होती आणि वाटीत मोटारीच्या इंजिनात घालतात ते तेल. स्वयंपाकघराला गॅरेजचा वास सुटला होता.

बूट म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या काठीच्या टोकाला बसवतात तो, काळा, अंगठ्याएवढा. तसाच आणखी एक, कोरडा, वर्तमानपत्राच्या दुसऱ्या टोकाला होता. दोन्ही तिने महाद्वार रोडवरच्या एकाच दुकानातून, एकाच डब्यातून निवडून आणले होते. आज तिसरा दिवस.

काठी टेकत सासूबाई दारात आल्या. शांतव्वांना डोळ्यांनी कमी दिसे, पण नाक शाबूत होतं.

"काय शिजवायलीयास गं?"

"काही नाही, अव्वा."

"काही न्हाई तर ह्यो वास कसला? पेंडंचं पोतं जळल्यागत." त्या ओट्यावर वाकल्या. "आगं बाई! काठीचं बूट उकडायलीयास? आता हेची आमटी करनार काय?"

"बुटाची आमटी!" चार वर्षांची शांभवी पाटावर उड्या मारायला लागली. "आज्जी, बुटाची आमटी!"

शिवांजली हसली नाही. तिने सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, काठी मागून घेतली आणि टोकाचा झिजलेला बूट काढून तिथे कोरडा नवा बसवून पाहिला. तो दोन्ही हातांनी रेटावा लागला. तो काढून तिने तेलातला बसवला. तो सहज चढला. काठी उचलली तेव्हा खालीच राहिला.

"हात लावू नकोस, गरम आहे," ती शांभवीला म्हणाली आणि स्वतः तो उचलला. नखाने दाबला. नखाची खूण उमटली आणि तशीच राहिली.

बी.एस्सी.ला तिचं रसायनशास्त्र होतं. साध्या रबराचं आणि तेलाचं पटत नाही, तेल रबरात शिरतं, रबर फुगतं आणि मऊ पडतं, हे तिने कधीकाळी परीक्षेत चार गुणांसाठी लिहिलं होतं. ते पुढे आपल्याच गाडीच्या पोटाखाली दिसेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

गाडी तिच्यासाठी घेतलेली होती. तसं कोणी बोलून दाखवत नसे, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या श्रावणात शांभवीला तापात आकडी आली. मल्लेश मुलीला खांद्यावर टाकून उचगावच्या फाट्यापर्यंत पळाला, मागून शिवांजली, तिच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या. एकही रिक्षा थांबेना. शेवटी दुधाचा एक टेम्पो थांबला. मुलगी सावरली. लहान मुलांत होतं असं कधी कधी, घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. मूल घरी आलं, पण आईचं काहीतरी त्या फाट्यावरच राहून गेलं. झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरून बसणं, थर्मामीटर कमरेला खोचून हिंडणं, बालवाडीच्या पायरीवर शाळा सुटेपर्यंत थांबणं. दिवाळीत मल्लेशने जुनी अँबॅसिडर आणून दारात उभी केली. पशुखाद्याच्या दुकानातून घरी येताना तो कधी एवढा ऐटीत आला नव्हता.

"आता बोल," तो म्हणाला होता.

तिने गाडीला हळद-कुंकू लावलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी गाडीखाली वर्तमानपत्र सरकवायचं आणि संध्याकाळी ते काढून त्यावर तेलाचा डाग पडलाय का बघायचं, असा तिचा नेम सुरू झाला.

त्याच नेमात, आठवड्यापूर्वी वाकलेली असताना, तिला तो दिसला होता. गाडीतलं मूळ इंजिन काढून मिस्त्रीने जपानहून आलेलं जुनं डिझेल इंजिन बसवलं होतं. त्या इंजिनावर पूर्वी टर्बो, म्हणजे आत जास्त हवा ढकलणारा पंखा होता, तो काढून टाकला. टर्बोतून तेल परत यायची जी आखूड नळी खालच्या तेलाच्या भांड्याला, म्हणजे चेंबरला होती, ती आता बिनकामाची झाली. तिच्या तोंडावर काठीचा बूट चढवून वर पट्टी आवळलेली होती.

तिने मल्लेशला सांगितलं, तेव्हा तो दाढी करत होता.

"थेंब पडलाय का कुठं?"

"नाही. पण ती नळी तेलाच्या पातळीच्या वर आहे. गाडी सपाटीला आहे तोवर तेल तिथपर्यंत पोचत नाही. रविवारी आपण आंबा घाटातून जाणार. चढ-उताराला गाडी तिरकी झाली, की तेल त्या बाजूला येणार. बूट निसटला तर..."

"तर?"

"तर सगळं तेल रस्त्यावर. इंजिन जागच्या जागी अडकून बंद पडणार. घाटात. आणि शांभवी..."

मल्लेशने रेझर खाली ठेवला. त्याच्या बहिणीच्या बाळाचं बारसं होतं रत्नागिरीला. महिनाभर तो त्या प्रवासाच्या गोष्टी मुलीला सांगत होता.

"शिवा, पिराजी मिस्त्री वीस वर्षं इंजिनं खोलतोय. तू रॉकेलचा डबा तरी खोललायस का कधी? तुला रेल्वेत बसवलं तरी तू रूळ मोजशील." मग आरशातच बघत हळू म्हणाला, "बस नको, रिक्षा नको म्हणून गाडी आणली. आता गाडीचीही भीती. ह्याच्यापुढं मी काय आणू, सांग."

आपल्याला वाटतं ते खरं आहे की ते त्या फाट्यावरचंच आहे, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. म्हणून तर तिने वाटी चढवली होती गॅसवर.

शुक्रवारी सकाळी मल्लेश प्रवासाआधी ब्रेक तपासून घ्यायला गाडी गॅरेजला न्यायला निघाला, तेव्हा तीही पुढच्या सीटवर येऊन बसली. मांडीवर वर्तमानपत्राची पुडी.

"तू कशाला?"

"बसते तिथं. शांभवी अव्वांजवळ आहे."

मुलीला सोडून ती आपणहून घराबाहेर पडतेय, हे मल्लेशच्या लक्षात आलं असावं. त्याने पुडीकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

उद्यमनगरात पिराजीचं गॅरेज धातू कातायच्या लेथ यंत्रांच्या दोन कारखान्यांच्या मध्ये होतं. पत्र्याची शेड, मधोमध गाडीखाली उतरायला तीन पायऱ्यांचा खड्डा, आणि भिंतीला टांगलेल्या पान्यांच्या रांगेखाली एक स्टूल. पिराजी पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मल्लेशने गाडी खड्ड्यावर लावली, ब्रेकचं सांगितलं आणि तो मार्केट यार्डात निघून गेला.

"वैनी, स्टुलावर बसा की. चा सांगू?" पिराजी म्हणाला.

"नको. मला तुम्हाला एक दाखवायचंय."

तिने पुडी सोडली आणि दोन्ही बूट त्याच्या टेबलावर, स्क्रूच्या डब्याशेजारी ठेवले. वाक्यं तिने घरी तीनदा जुळवली होती. ऐनवेळी एवढंच निघालं:

"हा कोरडा. हा तीन दिवस तेलात होता."

पिराजीने फुगलेला बूट उचलला. दाबला, वास घेतला, उजेडात धरला.

"कशात घातलंतं?"

"इंजिन ऑइलमध्ये. रोज दोन तास गरम करून."

"कुटं? घरात? जेवनाच्या ग्यासवर?" तो खदाखदा हसला. "आयला, मालक काय म्हनलं न्हाईत? चपातीला त्येच तेल लावलं न्हाई म्हंजे मिळवलं!"

तिने बोट गाडीकडे केलं. मग म्हणाली, "आमच्या चेंबरला हेच लावलंय तुम्ही."

"म्हाईत हाय की. मीच लावलंय." तो जरा उखडला. "तेलात साधं रबर टिकत न्हाई, ह्ये मला शिकवायचं व्हय वैनी? मी जन्मलो ते तेलात."

"मग का लावलंत?"

"तात्पुरतं लावलंतं!"

"कधी?"

पिराजीने चष्मा काढून शर्टाला पुसला. बाहेर कुणीतरी लोखंड कापत होतं. तो आवाज बंद झाल्यावर म्हणाला, "दिवाळीत."

आता शिमगा होऊन गेला होता.

"त्या नळीचा आटा, बोल्ट फिरून बसायच्या खाचा, जपानी हाय," तो टेबलावरची धूळ तळव्याने एका बाजूला सारत म्हणाला. "आपला बोल्ट बसत न्हाई. शेजारच्या आण्णाला म्हनलंतं, लेथवर आट्याचं बूच काडून दे. त्येची लेथ बिघडली. मग पोरीच्या लग्नात तो अडकला. मग मीबी... गाड्या चालल्या, एक थेंब न्हाई, कुणाची तक्रार न्हाई. ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

"गाड्या?"

"आं?"

"तुम्ही गाड्या म्हणालात. अशी किती इंजिनं होती?"

"चार. एकाच लॉटमदली." तो एकेक बोट मिटत मोजायला लागला. "एक तुमची. एक कागलच्या डाक्टरची, ती गावाभाईर जात न्हाई. एक हुपरीच्या चांदीवाल्याची, ती हुपरी ते कोल्हापूर. एक आमच्या जावयाची जीप. आमच्या तानीचा मालक, केरबा. तो सांगलीला भाजी..."

बोट तसंच राहिलं.

"काय झालं?" शिवांजलीने विचारलं.

"सांगलीचं काम सुटलं त्येचं," पिराजी हळू म्हणाला. "ह्या सोमवारपास्नं मासळी आनतोय. रत्नागिरीस्नं."

दोघांनीही घाटाचं नाव घेतलं नाही.

पिराजी उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. गाडीच्या बॉनेटवरचा पाना त्याने उचलला आणि तिथेच परत ठेवला. "चार खेपा झाल्या की," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "काय झालं न्हाई. आजबी काय हुनार न्हाई. काय हुनार न्हाई, व्हय ना वैनी?"

हे वाक्य शिवांजलीला गेले सात महिने लोक ऐकवत आले होते. डॉक्टर, नवरा, बालवाडीच्या बाई. त्या वाक्याने भीती एक इंचही हलत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"किती वाजता निघाला?" तिने विचारलं.

"धाला. आं... व्हय, धाला. तानीनं डबा दिला तवा मी हुतो तितं."

"एकटाच?"

"कामाला एक गडी हाय संगं."

"रिकामी जीप, म्हणजे जाईल भरभर. वाटेत कुठे थांबतो?"

"काय म्हाईत? थांबत आसंल कुटंबी."

"आठवा. जेवतो कुठे? डिझेल कुठे भरतो?"

तिचा आवाज शांत होता. त्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. पिराजीच्या कपाळावर घाम होता आणि तिचे हात कोरडे होते.

"मलकापुरात," तो एकदम म्हणाला. "मलकापुरात घाटाच्या आदी मिसळ खातो म्हनत हुता. स्टँडम्होरं."

शिवांजलीने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. सव्वाअकरा. मग पर्स उघडून तिने घडी घातलेला एक कागद काढला. बारीक, सुबक अक्षरात कोल्हापूरपासून रत्नागिरीपर्यंतची गावं एकाखाली एक लिहिलेली होती: बांबवडे, मलकापूर, आंबा, साखरपा, पाली. प्रत्येक गावापुढे दवाखाना, पेट्रोल पंप, आणि जिथे फोन आहे असं एखादं हॉटेल. घरातल्या फोनवरून टेलिफोन खात्याच्या चौकशीला विचारून, नणंदेला विचारून, ओळखीच्या कंडक्टरच्या बायकोला विचारून गेल्या पंधरा दिवसांत तिने तो केला होता. मल्लेशला दाखवला नव्हता. तो हसला असता, किंवा हसला नसता, आणि ते जास्त वाईट.

"मलकापूर स्टँडसमोर दोन हॉटेलं आहेत," ती म्हणाली. "फोन एकाकडेच आहे. चला."

एसटीडीचा बूथ रस्त्यापलीकडे होता. पिराजीने दोनदा नंबर फिरवला, दोनदा चुकला. तिने त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला. पलीकडे घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी उचललं, मागे कपबश्यांचा आवाज.

"मी कोल्हापूरहून बोलते. तुमच्याकडे एक जीप थांबली आहे का? मासळीची. चालकाचं नाव केरबा."

"हितं सतरा जीपा थांबत्यात बाई. ह्ये हाटेल हाय, टेशन न्हाई."

"बरोबर आहे तुमचं. मागे रिकाम्या पाट्या असतील, मासळीच्या. तुम्ही फक्त बाहेर येऊन त्याच्या नावानं एक हाक मारा. मी थांबते."

पलीकडे रिसीव्हर आपटल्यासारखा ठेवला गेला. ती थांबली. थांबायचं कसं, हे तिला येत होतं. पायाचा अंगठा जमिनीत रोवायचा, श्वास मोजायचे, पुढचं काय ते आत्ताच ठरवून ठेवायचं: इथे नसला तर आंब्याच्या चहावाल्याकडे, तिथे नसला तर साखरप्याला. तिच्या शेजारी पिराजी बूथच्या काचेला कपाळ लावून उभा होता.

"चहा घ्या तोवर," ती म्हणाली. "गोड सांगा."

तो हलला नाही.

"हां, कोन?" फोनमध्ये एक तरुण आवाज घुमला. तोंडात घास होता.

तिने रिसीव्हर पिराजीच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. मग असा ओरडला, की बूथवाला दचकला.

"आरं मुडद्या, मिसळ खातोयस व्हय! ठेव ती! ...मामा बोलतोय, दुसरं कोन? ...गाडी हलवू नगंस. आदी खाली वाक आनि चेंबर बघ. नळीला काठीचं बूट हाय, त्ये बघ. ...आत्ता! फोन तसाच ऱ्हाऊ दे!"

पुन्हा कपबश्या. पुन्हा श्वास. केरबाचा आवाज परत आला, तेव्हा पिराजीने रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला, तिलाही ऐकू यावं म्हणून.

"मामा, नुसता हात लावला तर पडलं की त्ये खाली! खव्यागत झालंय. समदं चेंबर वलं हाय तेलानं."

"तितंच ऱ्हा," पिराजी म्हणाला. "मी येतोय. तितंच ऱ्हा, बाबा."

फोन ठेवून तो बूथच्या पायरीवर बसला. शिवांजलीने चहा मागवला. तो त्याने बशीत ओतून, फुंकर न घालता, प्याला. चहा संपल्यावर उठला आणि तडक आण्णाच्या कारखान्यात शिरला. तिथून त्याचा आवाज पार गॅरेजपर्यंत ऐकू येत होता.

"लेथवर कुनाचं काय बी लावलेलं आसू दे, उतर त्ये! चार बुचं. मी हितनं हलत न्हाई."

मल्लेश परत आला, तेव्हा पिराजी हातात चार चकचकीत बुचं घेऊन शेडमध्ये येत होता. काय झालं ते त्याने मल्लेशला सांगितलं, चार वाक्यांत, काहीही न लपवता. मल्लेश ऐकत होता. मधेच त्याने बायकोकडे पाहिलं, मग टेबलावरच्या दोन बुटांकडे, मग परत तिच्याकडे. त्याने खिशातून किल्ली काढून पिराजीपुढे धरली.

"मलकापूरला हीच गाडी नेऊ," तो म्हणाला. "मी येतो."

"आदी हिचं बूच." पिराजी खड्ड्यात उतरला. बूट काढला, तो न बघताच डब्यात टाकला. नळी सोडवून खाली घेतली. भोकाच्या कडा फडक्याने पुसल्या, तांब्याची चकती बुचाला चढवली आणि बूच हाताने फिरवत आत घातलं. आटा मिळाला. मग त्याने खालूनच हाक मारली.

"वैनी, या खाली."

"मी?"

"या. पदर सांबाळा. पायरी तेलकट हाय."

ती तीन पायऱ्या उतरली. डोक्यावर गाडीचं पोट होतं, काळं, कोमट. दिवाळीपासून तिने हे वर्तमानपत्राएवढ्या फटीतून पाहिलं होतं. पिराजीने बुचावर पाना बसवून तिच्या हातात दिला.

"आवळा."

"किती आवळायचं?"

"तुमास्नी पटंस्तोवर." त्याने चेंबरवर बोट टेकवलं. "चेंबर ॲल्युमिनियमचं हाय. कमी आवळलं तर गळंल. जास्त आवळलं तर आटा जातो, मग त्ये कदीच बसत न्हाई. मदी तांबं दबतं. हाताला कळतं ते. सांगून कळत न्हाई."

तिने पाना ओढला. बूच फिरलं, सहज. पुन्हा ओढला, आता जड. आणखी एकदा, आणि पान्याच्या दांड्यातून काहीतरी मऊ, किंचित, बसल्यासारखं तिच्या तळव्यापर्यंत आलं. तिचा हात पुढे जायला निघाला होता. अजून एकदा, म्हणजे खात्री होईल. दांडा ताठ झाला. मनगटावरच्या बांगड्या किणकिणल्या आणि थांबल्या.

तिने पाना सोडवून घेतला.

वर मल्लेश खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला होता. "मिस्त्री," तो म्हणाला, "तुम्ही एकदा बघून घ्या की आवळून."

पिराजी पायऱ्या चढत होता. उरलेली तीन बुचं त्याने शर्टाच्या खिशात टाकली, चष्मा सारखा केला.

"कशाला?" तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.